फोटो-व्हिडिओची मूळ फाइल जपताना या चुका टाळा

फोटोत फेरफार झाल्याचा वाद उठला की पहिला प्रश्न येतो, ‘मूळ फाइल कुठे आहे?’ आणि बहुतेक वेळा ती नसतेच. हाती असतो एखादा स्क्रीनशॉट, नाहीतर मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेली प्रत. अशी अ‍ॅप्स फोटो पुन्हा कॉम्प्रेस करतात आणि तारीख, कॅमेरा, ठिकाण ही माहिती सहसा काढून टाकतात. खरं बोलणाऱ्या माणसाचा पुरावा त्याच्याच सवयीने असा वाया जातो, याचं मला फार वाईट वाटतं. मेमरी कार्डावरून फाइल थेट कॉपी करा, ती ‘रीड ओन्ली’ (फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही अशी) करून बाजूला ठेवा आणि एडिटिंगला दुसरी प्रत घ्या.

कॉपी झाल्याबरोबर हॅश काढा, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून गणिताने निघणारा तिचा ठसा. त्यासाठी एसएचए-२५६ ही पद्धत वापरली तर ६४ अक्षरांचा ठसा मिळतो, आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी तो पार वेगळा येतो. एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धती या कामाला घेऊ नका. एमडी५मध्ये २००४ साली आणि एसएचए-१मध्ये २०१७ साली दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश आणून दाखवला गेला आहे. हॅश फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवणं ही तर हमखास दिसणारी चूक. ज्याला फाइल बदलता येते, तो शेजारचा हॅशही बदलेल. हॅश दुसऱ्याच्या ताब्यात द्या किंवा टाइमस्टँप सेवेकडून त्यावर वेळेची नोंद घ्या.

नंतर पडताळताना हॅश जुळला नाही म्हणून लगेच कुणावर आरोप करू नका. फोटोच्या माहितीत कॅप्शन भरली, व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस न करता एमपी४मधून एमकेव्ही या दुसऱ्या फाइल प्रकारात टाकला, तरी हॅश बदलतो; चित्राला मात्र धक्काही लागलेला नसतो. आधी फाइलचा आकार आणि पिक्सेलची लांबी-रुंदी पाहा. व्हिडिओ असेल तर एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या ‘फ्रेमहॅश’ सोयीने दोन्ही प्रतींच्या प्रत्येक फ्रेमचा हॅश काढून ताडून बघा. सगळे जुळले तर बदललं ते फक्त वेष्टन. मधल्याच काही फ्रेम जुळत नसतील, तर शंका नेमकी कुठे घ्यायची ते कळतं. सीसीटीव्हीसारख्या लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करून प्रत्येकाच्या हॅशमध्ये आधीच्या तुकड्याचा हॅश मिसळला, तर मधला तुकडा गुपचूप गाळता येत नाही.

कोपऱ्यातल्या लोगोवर विसंबू नका, तो कापता येतो. अदृश्य वॉटरमार्क, म्हणजे चित्रातच लपवलेली खूण, तेही दोन जातींचे असतात: कॉम्प्रेशन सोसून टिकणारा मालकी दाखवायला, जराशा बदलाने मोडणारा फेरफार पकडायला. पहिल्याकडून दुसऱ्याचं काम होत नाही.

एरर लेव्हल अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे फोटो पुन्हा कॉम्प्रेस करून कुठे किती फरक पडतो ते दाखवणाऱ्या तपासणीत, एखादा भाग उजळ दिसला की लोक ‘खोटा’ म्हणून मोकळे होतात. अक्षरं आणि ठळक कडा अस्सल फोटोतही तशाच उजळतात.

फोटो अस्सल असल्याची खूण म्हणून कॅमेरा फाइलला जोडतो ती डिजिटल सहीही अभेद्य नसते. कॅनन आणि निकॉनच्या जुन्या पडताळणी पद्धती एल्कॉमसॉफ्ट या सॉफ्टवेअर कंपनीने अनुक्रमे २०१० आणि २०११ साली फोडल्या. २०२१मध्ये सुरू झालेल्या सीटूपीए (C2PA) या कंपन्यांच्या गटाच्या मानकात फाइलसोबत सही केलेला इतिहास जातो, पण अनेक ठिकाणी अपलोड करताना तो गळून पडतो. म्हणून सही नाही एवढ्यावरून फोटो खोटा ठरवू नका. आणि स्क्रीनवरचा बनावट फोटो कॅमेऱ्याने टिपला तरी सही अस्सलच उमटते, तेव्हा रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) आणि त्या शॉटच्या आधी-नंतरचे शॉटही डिलीट न करता सोबत ठेवा.