डायलिसिस चालू असताना विषाणूसंसर्ग: या चुका टाळा

हिपॅटायटिस बीची लस झाली, फाइलमध्ये नोंद झाली, विषय संपला. डायलिसिसच्या रुग्णांकडून होणारी ही नेहमीची चूक. किडनी निकामी झाली की लसीला शरीराचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून डोस मोठा असतो. एका प्रचलित पद्धतीत सुरुवातीला आणि मग १, २ व ६ महिन्यांनी ४० मायक्रोग्रॅम देतात. तरीही काहींच्या रक्तात पुरेशा अँटीबॉडी तयार होत नाहीत. हे कळतं ते शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी केलेल्या अँटी-एचबीएस टायटरवरून, म्हणजे या अँटीबॉडी मोजणाऱ्या रक्तचाचणीवरून. आकडा १० च्या खाली आला तर पुन्हा डोस घ्यावे लागतात. वर असला तरी तो हळूहळू उतरतो, म्हणून दरवर्षी तपासायचा. किती डोस झाले यापेक्षा हा आकडा लक्षात ठेवा. किडनीचा आजार लक्षात आला आहे पण डायलिसिस अजून लांब आहे, अशांनी तर लस आत्ताच घ्यावी. तेव्हा ती जास्त चांगली लागू पडते.

लस घेतल्यावर लगेच एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं प्रथिन रक्तात शोधणारी चाचणी) तपासू नका. लसीतलंच प्रथिन रक्तात सापडून दोन-तीन आठवडे रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि घरभर घबराट उडते.

हिपॅटायटिस सीला लस नाही. तिथे उलटी गफलत होते: अँटीबॉडी निगेटिव्ह म्हणून निर्धास्त राहणं. डायलिसिसच्या रुग्णांत संसर्ग असूनही ही चाचणी कधीकधी निगेटिव्ह येते. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कारणाशिवाय वाढलं तर थेट विषाणू शोधणाऱ्या आरएनए चाचणीबद्दल विचारा. आजार निघालाच तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात, पण पुन्हा संसर्ग होणारच नाही असं नाही.

हे विषाणू पसरतात रक्तातून, आणि केंद्रात रक्त दिसत नसलं तरी असू शकतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस टिकतो. म्हणून दोन रुग्णांच्या मध्ये हातमोजे बदलले का, खुर्ची-मशीन पुसलं का, हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) रुग्णांपासून दूर, स्वच्छ जागी भरलं का, हे बघा. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णाचं मशीन वेगळं हवं आणि त्याचा डायलायझर (रक्त गाळणारी नळी) पुन्हा वापरायचा नाही. सिस्टरना असं विचारणं अनेकांना उद्धटपणाचं वाटतं. विचारा, चांगल्या केंद्रात राग येत नाही.

सर्दी-तापात मात्र घरच्यांची माया नडते. ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला इथे घातक: लघवी होत नसेल तर ते पाणी फुप्फुसात साठून दम लागतो. अशक्तपणामुळे डायलिसिस चुकवणं त्याहून वाईट, कारण पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. आधी फोन करून ताप असल्याचं सांगा, मास्क लावा आणि जा. शिवाय या रुग्णांत ताप फारसा चढत नाही, त्यामुळे थर्मामीटरवर सगळा भरवसा नको.

नागीण झाल्यावर शेजाऱ्याची उरलेली असायक्लोव्हिरची पट्टी वापरणं तर सरळ धोक्याचं. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. नेहमीच्या डोसने ते साठून रुग्ण बरळू लागतो, झटकेही येतात. असं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी केंद्र गाठा, कारण डायलिसिसने हे औषध रक्तातून निघतं.