जेल लावूनही सुई दुखते? या चुका टाळा

दाताचं इंजेक्शन देण्याआधी हिरडीला बधिर करणारं जेल लावलं तरी पेशंट खुर्चीत दचकतो आणि खापर फुटतं कंपनीवर. जेल बहुतेक वेळा चांगलंच असतं, लावणाऱ्याला घाई असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्या हिरडीवर जेल लावणं. लाळेबरोबर ते घशात उतरतं. सुईची जागा तशीच राहते, घसा मात्र बधिर होतो. गिळताना अडकल्यासारखं झालं की पेशंट आणखी घाबरतो. आधी गॉजने जागा कोरडी करा, कापसाच्या रोलने गाल बाजूला सारा, मुगाच्या दाण्याएवढं जेल कॉटन बडवर घेऊन तिथेच धरा. किमान एक मिनिट, जमलं तर दोन, तेही घड्याळ बघून. बाहेर गर्दी असली की दहा सेकंदांचंच मिनिट होतं!

'काहीच कळणार नाही' असं सांगू नका. जेल वरचे 2-3 मिलिमीटरच बधिर करतं आणि खालच्या दाढेच्या ब्लॉकला, म्हणजे तिथली नसच बधिर करणाऱ्या इंजेक्शनला, सुई 20-25 मिलिमीटर आत जाते. तिथे हात सावकाश हवा : एक मिली औषधाला साधारण एक मिनिट. टाळूची त्वचा जाड, जेल नीट मुरत नाही. तिथे बड घट्ट दाबा, जागा पांढरी पडली की लगेच शेजारी सुई द्या.

नागपुरात खर्र्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा, प्रश्न वेगळाच. वर्षानुवर्षं खर्रा चघळलेल्या अनेकांचा गाल आतून ताठ होतो, काहींचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. अशा जागी औषध जोरात ढकललं तर जेलचा काय उपयोग?

मे महिन्यात इथे औषध फ्रिजमध्ये ठेवणं बरोबरच, पण थंडगार टोचू नका. थोडं आधी बाहेर काढा. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, सुईचं औषधही नीट लागत नाही. जेलचा थर वाढवण्यापेक्षा दूरवरून ब्लॉक द्या.

बधिर करणारा स्प्रे थेट तोंडात फवारू नका, किती पोटात गेलं ते कळत नाही.

आणि आयांनो, बाळाला दात येताना मेडिकलमधून बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध असलेलं जेल आणू नका. दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये बजावलं. त्याने क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. ओठ निळसर दिसले, धाप लागली तर वाट न बघता दवाखाना गाठा.