गोल डक्टच्या फिटिंगलाही दिशा असते : मॉडेल करताना या चुका टाळा

मॉडेल तपासायला आलं की मी सगळ्यात आधी एक्झॉस्टचा, म्हणजे खोल्यांतली हवा बाहेर ओढणाऱ्या डक्टचा, प्लॅन उघडतो आणि वाय, म्हणजे मेन डक्टला तिरकी ब्रांच जोडणारी फिटिंग, कुठल्या बाजूला झुकलेत ते बघतो. मापं, लेव्हल, टॅग हे सगळं नंतर. दर दोन-तीन मॉडेलमागे एकात तरी वाय उलटे बसलेले सापडतात, आणि बसवणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "पण सर, कनेक्ट तर झालंय."

कनेक्ट होणारच. सॉफ्टवेअरला दोन कनेक्टरची, म्हणजे जोडणीच्या टोकांची, तोंडं समोरासमोर आली आणि व्यास जुळला की पुरतं. चौकोनी डक्टमध्ये फिटिंग चुकीचं फिरलं तर रुंदी-उंचीची अदलाबदल होते आणि चूक लगेच डोळ्यात भरते. गोल डक्ट कसाही फिरवा, गोलच दिसतो. म्हणून गोल फिटिंगच्या चुका स्क्रीनवर लपतात आणि साइटवर उघड्या पडतात. मी रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे कमांडची नावं तिथली आहेत. चुका मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये याच होतात.

उलटा वाय

काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळांचा एक मजला आमच्याकडे होता. लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, छतात सप्लायचा (खोल्यांत हवा सोडणारा) मेन आणि त्याला समांतर एक्झॉस्टचा मेन. सप्लायचं युनिट कॉरिडॉरच्या एका टोकाला होतं, एक्झॉस्टचा फॅन दुसऱ्या टोकाला. सप्लायचं मॉडेल आधी झालं आणि चांगलं झालं. मुदत जवळ आली होती, म्हणून एक्झॉस्टसाठी तोच मेन ब्रांचसकट कॉपी झाला. टर्मिनल (खोलीतली हवेची तोंडं) बदलली, सिस्टीमचा प्रकार बदलला, निळा रंग जाऊन हिरवा आला. मग फॅन दुसऱ्या टोकाला आहे हे लक्षात घेऊन मेनची मापंही उलटी करून घेतली: फॅनजवळ ४००, मग ३१५, मग २५०. प्लॅनमध्ये सगळं बरोबर दिसत होतं. तपासणी माझ्याकडे होती. मी मापं पाहिली, झुकाव पाहिला नाही.

फॅब्रिकेटरने ड्रॉइंगप्रमाणे माल बनवला, साइटवर तो चढला, इन्सुलेशनही झालं. बॅलन्सिंगच्या, म्हणजे प्रत्येक खोलीची हवा मोजून जुळवायच्या, दिवशी फोन आला की टोकाच्या तीन खोल्यांतून डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडूनही हवा पुरेशी ओढली जात नाही, आणि कॉरिडॉरमध्ये ठरावीक ठिकाणी घोंघाट होतोय. मी शिडीवर चढलो. एका वायजवळ हात ठेवला तर पत्रा थरथरत होता. ब्रांचमधली हवा मेनमध्ये शिरताना फॅनच्या उलट दिशेला फेकली जात होती आणि मेनच्या प्रवाहावर आदळून मग वळत होती. एक-दोन नाही, नऊच्या नऊ वाय तसेच.

दुरुस्ती सोपी वाटते: वाय काढा, टोकं उलटी करून परत लावा. ज्या वायची दोन्ही टोकं एकाच व्यासाची होती तिथे ते जमलं, पण वाय उलटला की ब्रांचचं तोंड मेनच्या लांबीत अर्ध्या मीटरच्या आसपास सरकतं. म्हणजे ब्रांचचा डक्ट नवा, हँगर नवे, इन्सुलेशन नवं. जिथे वाय मेनचा व्यासही कमी करत होता तिथे तर उलटवायची सोयच नव्हती, मोठं टोक चुकीच्या बाजूला गेलं असतं. ते सगळे नवे बनवावे लागले.

त्या दिवसापासून माझी तपासायची एकच पद्धत आहे. फॅनकडे पाठ करून मेनच्या आतून चालायला लागलात असं समजा. प्रत्येक ब्रांच तुमच्या पुढच्या बाजूला फुटलेली दिसली पाहिजे. सप्लाय असो की एक्झॉस्ट, हे दोन्हीकडे लागू पडतं. सप्लायमध्ये हवा फॅनपासून दूर जाते आणि ब्रांचकडे वळते, एक्झॉस्टमध्ये त्याच वाटेने उलट येते. वळण दोन्ही वेळा ४५ अंशांचं. एखादी ब्रांच मागे, तुमच्या खांद्यावरून फॅनकडे झुकलेली दिसली तर तिथे हवेला १३५ अंश वळावं लागणार. ती चूक आहे, मग मॉडेल कितीही नीट जोडलेलं असो.

टॅप म्हणजे मेनला भोक पाडून बसवलेलं ब्रांचचं तोंड. शू (तोंडाशी एका बाजूला उतरता भाग) असलेल्या टॅपलाही हेच. शूचा उतरता भाग फॅनच्या बाजूला हवा. सरळ ९० अंशांच्या टीला झुकाव नसतो, म्हणून काही जण सगळीकडे टीच टाकून मोकळे होतात. हे मला पटत नाही. मेनवर जिथे वेग जास्त आहे तिथे वायला जागा असताना टी टाकणं म्हणजे आपला विचार वाचवून त्याचा भार फॅनवर टाकणं.

सॉफ्टवेअरमध्ये ब्रांच काढतानाच मी ती ४५ अंशात काढतो, म्हणजे वाय आपोआप त्याच बाजूला झुकतो. चुकला तर फिटिंग निवडल्यावर दिसणारे फ्लिपचे बाण आहेत. मेन पूर्ण झाला की सिस्टीम इन्स्पेक्टर लावून प्रवाहाचे बाण बघायचे. त्यासाठी सिस्टीम अखंड जोडलेली लागते, म्हणून काही जण "शेवटी बघू" म्हणतात. शेवटी कोणी बघत नाही. मी एका मेनवर पहिली दोन टर्मिनल जोडली की लगेच बाण बघतो. तोपर्यंत दोनच वाय बदलावे लागतात.

एल्बोची त्रिज्या मोडून जागा काढणं

नवीन माणूस डक्ट काढतो, फिटिंगला जागा नाही म्हणून सॉफ्टवेअर अडवतं, आणि तो डक्टची वाट बदलायच्या ऐवजी एल्बो, म्हणजे वळणाचं फिटिंग, बदलतो. व्यासाच्या १.५ पट त्रिज्येचा एल्बो काढून १ पटीचा टाकतो. तोही बसला नाही तर फॅमिलीत (फिटिंगच्या मूळ फाइलमध्ये) शिरून गुणक ०.५ करतो. सूचना गेली, तो पुढच्या कामाला लागला.

०.५ म्हणजे काय ते एकदा कागदावर काढून बघा. त्रिज्या मध्यरेषेपर्यंत मोजतात. मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या निम्मी झाली की आतल्या बाजूची त्रिज्या शून्य होते. आतला कोपरा चक्क टोकदार. गुळगुळीत गोल एल्बोसाठी तक्त्यांमध्ये लॉस कोइफिशियंट (वेगाच्या दाबाच्या किती पट दाब वळणात वाया जातो तो आकडा) साधारण असे असतात: १.५ पटीला ०.१५, १ पटीला ०.२२ आणि ०.५ पटीला ०.७१. व्हेन (हवा वळवणारी आतली पाती) नसलेला सरळ कापून जोडलेला ९० अंशांचा कोपरा १.२ च्या आसपास जातो. सेकंदाला ८ मीटर वेग धरला तर वेगाचा दाब सुमारे ३८ पास्कल. म्हणजे १.५ पटीच्या एल्बोत ६ पास्कल जातात, ०.५ च्या एल्बोत २७. १ पटीच्या एल्बोत ८ जातात, म्हणून अडचणीच्या जागी एखादा १ पटीचा एल्बो टाकला तर मी वाद घालत नाही. फॅनच्या तोंडाशी किंवा एकाला एक लागून दोन टाकले तर मात्र घालतो.

मागे एका मॉडेलमध्ये ४०० मिमीचा मेन बीमखालून न्यायला ४५० मिमी खाली उतरवायचा होता. काढणाऱ्याने ९० अंशांचे दोन एल्बो घेतले. १.५ पटीला एका एल्बोचं मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर ६०० मिमी, दोघांचं मिळून १२००. उतार ४५०. बसणार कसे? मग गुणक ०.५. दोन्ही मिळून ४००, बसले. त्याचं समाधान झालं.

तिथे ४५ अंशांचे दोन एल्बो हवे होते. १.५ पटीच्या ४०० मिमी एल्बोंचे दोन ४५ एकाला एक लावले तर किमान उतार ३५१ मिमी येतो. आपल्याला ४५० हवा, म्हणजे मध्ये १४० मिमीच्या आसपास सरळ तुकडा. लांबीत सगळं मिळून ९५० मिमी लागतं, आणि बीमच्या अलीकडे तेवढी जागा होती. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे. किमान उतार = त्रिज्या × २ × (१ − कोसाइन ४५), म्हणजे त्रिज्येच्या ०.५८६ पट. माझ्या टेबलावर नेहमीच्या व्यासांसाठी हा आकडा लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. सॉफ्टवेअर अडवतं तेव्हा मी आधी त्या कागदाकडे बघतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. "जागा नाही" ही सूचना त्रास देण्यासाठी येत नाही. जी अडचण साइटवर शिडीवरच्या माणसाला येणार आहे, ती तुम्हाला खुर्चीत बसून आधीच कळतेय. ती दाबून टाकू नका.

रिड्युसर कुठल्या बाजूने सपाट

राउटिंग प्रेफरन्समध्ये (कुठे कुठलं फिटिंग आपोआप बसावं त्या यादीत) ट्रान्झिशनला, म्हणजे व्यास बदलतो तिथे, बहुतेक वेळा मध्यरेषा कायम ठेवणारा रिड्युसर असतो. ५०० वरून ३१५ वर आलात की फरक १८५, म्हणजे डक्टचा तळ ९२.५ मिमी वर जातो आणि माथा तेवढाच खाली येतो. स्लॅबच्या तळाला चिकटवून न्यायचा मेन असेल तर माथा सपाट हवा. ओलसर हवेच्या एक्झॉस्टमध्ये तळ सपाट हवा, नाहीतर पायरीपाशी पाणी अडून राहतं. यासाठी एकसेंट्रिक (एका बाजूने सपाट) रिड्युसर वेगळा घालून तो फिरवावा लागतो. प्लॅनमध्ये तो फिरलाय की नाही हे कळतच नाही, कारण वरून पाहिलं तर माथा सपाट आणि तळ सपाट सारखेच दिसतात. म्हणून तो बसवताना बाजूचा सेक्शन उघडा ठेवा. आणि तो बसला की पुढच्या डक्टची मध्यरेषा बदलते, हे विसरू नका. तळ सपाट ठेवला तर ती ९२.५ मिमी खाली येते. पुढचे लोक जुन्याच लेव्हलवर ब्रांच काढतात, आणि मग ०.३ अंशाचे एल्बो दिसायला लागतात.

बाकीच्या, थोडक्यात

८९.६२ अंशाचा एल्बो कुठल्याच दुकानात बनत नाही. मेकॅनिकल सेटिंग्जमध्ये ठरावीक कोनच चालतील असं लावून ठेवा: ९०, ६०, ४५, ३०. हे काम पहिल्या दिवशी करायचं असतं.

टॅप की टी हे प्रोजेक्ट सुरू होताना ठरवा. टॅपने मेन कापला जात नाही, टीने दोन तुकडे होतात, त्यामुळे डक्टच्या तुकड्यांची संख्या आणि लांबी बदलते. मधेच बदललंत तर अर्धं मॉडेल एका पद्धतीचं आणि अर्धं दुसऱ्या. ब्रांच आणि मेन एकाच व्यासाचे असतील तिथे टॅप टाकूच नका.

कुठून तरी उतरवलेली फॅमिली तशीच वापरू नका. फिटिंगच्या कनेक्टरचं सिस्टीम क्लासिफिकेशन 'फिटिंग' असायला हवं. तिथे सप्लाय एअर लिहिलेलं असेल तर एक्झॉस्टमध्ये सिस्टीम तुटते आणि माणूस दिवसभर कारण शोधत बसतो. पार्ट टाइप (एल्बो, टी, ट्रान्झिशन यांपैकी काय ते) चुकीचा असेल तर फॅमिली राउटिंग प्रेफरन्सच्या यादीतच येत नाही. आणि कनेक्टर व्यासावर चालतोय की त्रिज्येवर तेही बघा, नाहीतर २०० चा डक्ट ४०० चा होतो.

वाय वर उचलून ४५ अंशात फिरवायचा असेल तर मेनला काटकोनात सेक्शन घ्या आणि तिथे फिरवा. स्पेसबारने ९०-९० अंशांच्या उड्या मारून "साधारण बसला" म्हणू नका. आणि तो फिरवा ब्रांच जोडायच्या आधी.

धूळ ओढणाऱ्या सिस्टीममध्ये ब्रांच मेनच्या तळाला जोडू नका. बाजूने किंवा वरून, आणि दोन ब्रांच एकमेकींच्या समोरासमोर नकोत.

व्यास मनाने टाइप करू नका. १००, १२५, १६०, २००, २५०, ३१५, ४००, ५०० अशी जी प्रमाणित मालिका तुमच्या फॅब्रिकेटरकडे आहे तेवढीच सेटिंग्जमध्ये ठेवा, बाकीची काढून टाका. यादीत ३१० दिसला की कोणीतरी तो निवडतोच.

५० मिमी इन्सुलेशन म्हणजे व्यासात १०० मिमी वाढ. शेजारी-शेजारी दोन वाय टाकताना हे धरलं नाही तर इन्सुलेशन करणाऱ्याचा हात आत जात नाही.

स्पायरल डक्टची फिटिंग्ज बहुतेक आत जाणाऱ्या तोंडाची असतात, ती डक्टच्या आत सरकतात. एल्बोला थेट एल्बो जोडलात तर दोन्ही तोंडं आत जाणारी, मध्ये बाहेरून बसणारं कपलिंग लागतं आणि त्याची लांबीही लागते. मॉडेलमध्ये ते दोन एल्बो छान चिकटलेले दिसतात. मी अशा प्रत्येक जागी ते कपलिंग हाताने घालतो आणि फॅब्रिकेटरला पाठवायच्या यादीत ते आलंय ना, हे मोजून बघतो.