बल्ब विकून टीमचा खर्च काढताय? आधी गॅरंटीचं बघा

एलईडी बल्ब विकून टीमचा खर्च काढायचा असेल तर दसरा ते दिवाळी हे दिवस धरा. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी लागलेली असते, वेचणीचा चुकारा बाजाराच्या दिवशी हातात पडतो, आणि घर सारवून-रंगवून झालं की नवा बल्ब लावायची हौसही येते. जून-जुलैत जाऊ नका. बी-बियाण्यात घरातला पैसा गेलेला असतो. माणसं चहा पाजतील, बल्ब उधार मागतील, आणि ही उधारी तुमच्याच्यानं वसूल होणार नाही.

आमची टीम मुलींची, खो-खोची, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका ज्युनियर कॉलेजची. मॅटवर खेळायचे बूट, किट आणि विभागीय स्पर्धेला जायचं भाडं एवढं हवं होतं. होलसेलमधून पेट्या उचलायच्या, घरोघरी विकायच्या, मधला फरक टीमचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात वेळ घालवत नाही.

'साठचा काढा, नऊचा लावा' हे भाषण मात्र पाठ करून जाऊ नका. हिशेब खोटा नाही: 60 वॅटच्या जागी 9 वॅटचा, रोज 5 तास, म्हणजे महिन्याला साडेसात युनिट वाचतात. पण साठचा पिवळा बल्ब बैठकीत राहिलाय कुठे? 2015 साली स्वस्त एलईडीची सरकारी उजाला योजना आली तेव्हापासून एलईडी गावोगाव पोचलेत. 2021 मध्ये तर ग्राम उजाला योजनेत काही भागांत जुना पिवळा बल्ब देऊन दहा रुपयांत एलईडी मिळत होता. ज्या काकाजींनी तो घेतलाय ते तुमच्या नव्वद रुपयांच्या बल्बाकडे कसे बघतील, तुम्हीच ठरवा. म्हणून बैठक सोडा, घराच्या मागे जा. गोठा, न्हाणी, कुटाराची खोली, पिवळा बल्ब तिथे सापडतो. जुनी ट्यूबलाइट दिसली तर अजून चांगलं. ती चाळीस वॅटची म्हणतात, पण जुना चोक धरला की पन्नासच्या आसपास खाते. 20 वॅटची एलईडी ट्यूब तिचं काम करते आणि तुम्हाला फरकही बरा सुटतो. ज्यांच्याकडे सगळीकडे आधीच एलईडी आहे त्यांना वीज वाचेल म्हणू नका, एखादा जास्तीचा घरात ठेवा म्हणा. तारेवर आकडा टाकून वीज घेणाऱ्या घरी युनिटचं नावच काढू नका.

लोकांना पटवायचं असेल तर त्यांचंच मीटर दाखवा. मीटरवर एक लाल लाइट लुकलुकते, बाजूला 3200 इम्प असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ती 3200 वेळा लुकलुकली की एक युनिट पडतं. घरातलं सगळं बंद करायला लावायचं आणि फक्त साठचा पेटवायचा, साधारण 19 सेकंदांनी एकदा लुकलुकते. मग नऊचा लावायचा आणि थांबायचं. दोन मिनिटं उलटतात तरी काही नाही. एका घरी आजी मीटरखाली पाट टाकूनच बसली. "बंद पडलं का वं हे?" म्हणे. शेवटी लुकलुकली तेव्हा तिनं दोन बल्ब घेतले, एक लेकीच्या सासरी धाडायला. मीटरवर आकडा वेगळा असेल तर सेकंदं बदलतील, ते आधी वहीत मांडून ठेवा. लोकांसमोर गुणाकार करत बसू नका.

आता गॅरंटी. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

होलसेलवाला म्हणतो, "दोन वर्षं रिप्लेसमेंट, बिनधास्त विका." तुम्ही दारात उभं राहून तेच बोलता. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की ही पोट्टी बदलून देणार. कंपनीशी त्याला घेणं-देणं नाही. पोट्टीचा बाप कोण, घर कुठलं, हे अख्ख्या गावाला माहीत असतं. आमच्याकडे थंडी सरता सरता एका गावातून एकाच रात्री गेलेले बल्ब पिशवी भरून आले. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल गेला होता.

हे नीट समजून घ्या. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, निघतो. न्यूट्रल धड आहे तोवर घरात 230 च्या आसपास व्होल्टेज मिळतं. तो तुटला किंवा सैल झाला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत गुंततात, आणि ज्या फेजवर लोड कमी त्या घरांचं व्होल्टेज 400 च्या दिशेनं चढतं. म्हणजे ज्या फेजवरची घरं बिचारी काटकसरीनं एकेकच बल्ब लावून बसलीत, त्यांचेच आधी जातात. त्या रात्री टीव्ही गेले, चार्जर गेले. पण टीव्हीवाला राहतो तालुक्याला, आम्ही शेजारच्या गल्लीत.

होलसेलच्या दुकानदारानं एक बल्ब हातात घेतला, टोपणाजवळची काळी पडलेली जागा बघितली आणि "हाय व्होल्टेजचं आहे, गॅरंटीत बसत नाही" म्हणून काउंटरवरून इकडे सरकवला. भांडायला कागद हवा, तोही नव्हता. माल कच्च्या चिठ्ठीवर आला होता, कारण आमच्या सरांनी ओळखीतून स्वस्तात मिळवून दिला होता. पेट्या आल्या त्या दिवशी फोटोत सर मधोमध होते. बल्ब बदलून द्यायची वेळ आली तेव्हा सरांचीच बदली झालेली होती.

आकड्यात सांगते. समजा 62 ला घेतला, 90 ला विकला. फरक 28. शंभर गेले की 2800, टीमला वाटतं बूट आलेच. आता शंभरातले तीस परत आले आणि दुकानानं एकही घेतला नाही, तर तीस नवे बल्ब द्यायला 1860 गेले. राहिले 940. त्यात गावोगाव फिरायचं भाडं काढा. आणि हे सगळं बूट घेऊन झाल्यावर घडतं. म्हणून विकलेल्या प्रत्येक बल्बामागे दहा रुपये वेगळे काढा आणि वर्षभर त्याला हात लावू नका. कोच म्हणाले तरी नाही, कोच म्हणाले तर मुळीच नाही. तोंडी गॅरंटी देऊ नका. छोट्या चिठ्ठीवर लिहा की सहा महिने आम्ही बदलून देऊ, फुटला किंवा जास्त व्होल्टेजनं जळला तर नाही, आणि ते वाचून दाखवा. दोन-चार जण तिथेच नको म्हणतील, म्हणू द्या. बल्बावर पक्क्या मार्करनं तारीख आणि तुमच्या रजिस्टरचा नंबर टाका, नाहीतर बाजारातला दुसराच बल्ब तुमचा म्हणून येतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, 18 टक्के कर दिसला की पोटात दुखतं, तरी घ्या.

गेलेला बल्ब उघडून बघायचा मोह होईल. वरची पांढरी टोपी काढली की आत पिवळे चौकोनी दाणे दिसतात. एखाद्यावर काळा ठिपका असतो. तो एक दाणा गेला की माळेतले सगळे बंद. बघायला मजा येते, पण उघडलेला बल्ब दुकानदार हातात धरत नाही. एकच उघडा.

माल घेताना खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, 'आर'नं सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासा. बीईईचं, म्हणजे वीजबचतीचं, स्टार लेबल बघा. वॅट सारखे असतील तर लुमेन, म्हणजे उजेड, जास्त असलेला घ्या. आणि व्होल्टेजची रेंज वाचा, सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून बचाव, लिहिलंय का बघा. अगदी स्वस्त बल्बात ड्रायव्हर, म्हणजे दाण्यांना बेताची वीज देणारं सर्किट, दाण्यांच्या पट्टीवरच बसवलेला असतो, त्याला डीओबी म्हणतात. आपल्या लायनीवर माझा त्याच्यावर भरवसा नाही. चार्जिंगच्या बल्बावर तर अजिबात नाही. लाइट गेली तरी पेटतो म्हणून हातोहात खपतो, पण आतली बॅटरी दमली की दार तुमचंच वाजतं. लकी ड्रॉ काढणं, मास्तरांच्या गळ्यात डझन-डझन मारणं, हे उद्योगही करू नका.

कोणाचा सल्ला घ्यायचाच असेल तर त्या गावच्या लाइनमनभाऊंचा घ्या. कुठल्या डीपीचं काय रडगाणं आहे ते त्यांना पाठ असतं. त्यांनी नाक मुरडलं त्या वस्तीत गॅरंटी न देता विका, किंवा जाऊच नका. मार्केटिंगवर तासभर बोलणाऱ्या कुठल्याही पाहुण्यानं आम्हाला एवढं कामाचं सांगितलं नाही.

एवढं वाचून हात आखडू नका. बूट आले, आम्ही विभागाला गेलो. पहिल्याच फेरीत हरलो, तो भाग वेगळा. दारात उभं राहून बोलायची भीती पहिल्या आठ-दहा घरांतच जाते. दोघी-दोघी जा, दिवेलागणीच्या आत परता. बल्ब स्वतः लावून देऊ नका. गोठ्यातला होल्डर ओला असतो, पिना जळलेल्या असतात. घरच्यांना आधी मेन बंद करायला सांगा, चप्पल घालायला सांगा.

राहिला उरलेला माल. घेतानाच बिलावर लिहून घ्या की न उघडलेली पेटी दिवाळीनंतर पंधरा दिवसांत परत घेतली जाईल. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा, यवतमाळला काय अमरावतीला काय, दुकानांना तोटा नाही. आणि पेट्या होस्टेलच्या जिन्याखाली ठेवू नका. उंदीर पुठ्ठा कुरतडतात, आणि फाटक्या खोक्यातला बल्ब कितीही चांगला असला तरी कोणी घेत नाही.