क्लोनिंग ४१ टक्क्यांवर अडकत होतं: माझा अनुभव

नाशिकला सिडकोतल्या घरी जुन्या लॅपटॉपची ५०० जीबी हार्ड डिस्क तेवढ्याच एसएसडीवर (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) क्लोन करत होतो, म्हणजे हुबेहूब प्रत काढत होतो. दर वेळी ४१ टक्क्यांवर ‘रीड एरर’, म्हणजे पुढचा डेटा वाचताच येईना. केबल बदलली, पोर्ट बदलला, सॉफ्टवेअरही, तेच. दोन रविवार वाया!

दोष जुन्या डिस्कच्या बॅड सेक्टरचा, म्हणजे खराब झालेल्या भागांचा. आधी फोटो पेनड्राइव्हवर घेतले. अशा डिस्कचा भरवसा नाही. मग अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) उघडून ‘chkdsk c: /r’ ही डिस्क तपासून खराब भाग शोधणारी कमांड टाइप केली, एंटर, Y, रीस्टार्ट. रात्रभर चाललं, मध्येच बंद करायचं नाही. सकाळी क्लोन एका दमात पूर्ण.

शटडाउन केलं, चार्जर काढला, बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मगच डिस्क बदलली. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट एसएसडीला लावायची असते, मी विसरलो होतो. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क यूएसबीला जोडू नका.