चहाच्या एक्सपोर्टमध्ये यायचंय? मग केनिया आणि श्रीलंकेचा चहाही ओळखायला शिका

महाराष्ट्रात चहा पिकत नाही, त्यामुळे आपल्याकडची मुलंमुली या लाईनमध्ये फारशी येत नाहीत, आणि ज्यांना यायचं असतं त्यांच्या डोक्यात दोनच चित्रं असतात, एक तर आसाममधला मळा आणि मॅनेजरचा बंगला, नाहीतर टी टेस्टर म्हणजे दिवसभर चहा प्यायचे पैसे. मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं कोलकात्यात चहाच्या खरेदीत आणि एक्सपोर्टमध्ये काम करते, आणि बीएस्सी अ‍ॅग्री किंवा फूड टेक झालेली पोरं "ताई, सुरुवात कुठून करू" असं विचारतात तेव्हा प्रत्येकाला हेच सांगते की एक्सपोर्टमध्ये टिकायचं असेल तर नुसता आपला आसाम-दार्जिलिंग येऊन भागत नाही. बाकीच्या देशांचा चहा चाखून, भावासकट, कारणासकट माहीत पाहिजे. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी थोडे आकडे, कारण ते पाठ नसतील तर मुलाखतीतच अडकाल. जगात सगळ्यात जास्त चहा चीन पिकवतो, वर्षाला 300 कोटी किलोच्या वर, पण त्यातला बहुतेक ग्रीन आणि बराचसा त्यांच्याच घरात संपतो. दुसरा नंबर आपला, 2023 मध्ये साधारण 139 कोटी किलो झाला होता, 2024 मध्ये तो 128 कोटींवर आला, हवामानाने मार दिला आणि वरून केंद्र सरकारच्या टी बोर्डाने उत्तर भारतातली, म्हणजे आसाम-बंगालकडची, तोडणी 30 नोव्हेंबरलाच बंद करायला लावली. आपण पिकवतो त्यातला 80 टक्के तरी आपणच पितो. बाहेर जातो तो साधारण 25 कोटी किलो. याउलट केनिया, पिकवतो 60 कोटींच्या आसपास आणि त्यातला 50 कोटींहून जास्त बाहेर पाठवतो. श्रीलंकाही तशीच, अलीकडे 25-26 कोटी किलो पिकवायचा आणि जवळपास सगळा विकायचा. आता यातून काय कळतं बघा, आपल्या बागेला एक्सपोर्ट नाही झाला तरी नागपूर-अहमदाबादचं गिऱ्हाईक असतं, केनियाच्या शेतकऱ्याला तसं कोणीच नाही, त्यामुळे तो कुठल्या भावाला विकायला तयार होईल हे गणितच वेगळं असतं, आणि परदेशातला बायर तुमच्याशी बोलताना तोच भाव समोर ठेवून बोलतो.

आता शिकायला कुठून लागायचं. माझं मत असं की टेस्टिंग रूमच्या आधी फॅक्टरी. शक्य असेल तर सीझनमध्ये, जून-जुलैत, उत्तर बंगालच्या डुअर्समध्ये किंवा वरच्या आसाममध्ये एखाद्या फॅक्टरीत महिनाभर तरी राहा, पगार नसला तरी चालेल. दोन पानं एक कळी असं आपण शाळेत वाचलेलं असतं, पण पावसाळ्यात दर सात दिवसांनी होणारी खुडणी दहा-बारा दिवसांवर गेली की पान कसं जून होतं आणि त्याच बागेचा भाव पुढच्या सेलमध्ये, म्हणजे लिलावात, कसा घसरतो हे तिथे उभं राहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही. साधारण साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो. पान आधी ट्रफवर, म्हणजे खालून हवा सोडलेल्या लांब जाळीवर, पसरून मऊ करतात, त्याला विदरिंग म्हणतात, मग सीटीसीच्या (क्रश, टेअर, कर्ल, म्हणजे आपल्या घरातल्या दाणेदार चहाच्या) रोलरमधून चिरडून निघतं, मग फर्मेंटेशन. खरं तर ते हवेने होणारं ऑक्सिडेशन आहे पण लाईनमध्ये सगळे फर्मेंटेशनच म्हणतात. तिथे जो अनुभवी माणूस असतो त्याच्या मागे लागा. तो मूठभर माल उचलून नाकाशी नेतो, कच्च्या पानाचा हिरवट वास जाऊन पिकल्या सफरचंदासारखा वास यायला लागला, हिरवा रंग तांबूस झाला की लगेच ड्रायरला पाठवा म्हणतो. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली की कपात एक तर कच्चा तुरटपणा राहतो नाहीतर चहा मिळमिळीत होतो, आणि पुढे टेस्टर जे काही बोलतो त्यातलं बरंचसं मुळात इथे घडलेलं असतं.

मग टेस्टिंग. हे कोर्स करून येत नाही, कोर्सने शब्द येतात. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लांटेशन मॅनेजमेंटमध्ये या क्षेत्राचं मॅनेजमेंट शिकवतात, जोरहाटच्या आसाम अ‍ॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीत चहाचा वेगळा डिपार्टमेंट आहे, जोरहाटलाच टोकलाई आहे, 1911 पासून चाललेलं संशोधन केंद्र. हे सगळं चांगलंच आहे, अ‍ॅग्रीवाल्यांनी जोरहाटचा विचार जरूर करावा. पण जीभ तयार होते ती ब्रोकर किंवा बायरच्या टेबलावर. लांबच लांब ओट्यावर ओळीने पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या, प्रत्येकीमागे झाकणाच्या मगात उकळत्या पाण्यात मुरणारी पत्ती, शेजारी सुकी पत्ती ठेवलेली. आंतरराष्ट्रीय पद्धत म्हणजे 100 मिलीला 2 ग्रॅम आणि 6 मिनिटं, कोलकात्यात जरा कडक करतात, आणि सीटीसी असेल तर बऱ्याच ठिकाणी दूध घालून बघतात कारण शेवटी पिणारा दूध घालूनच पिणार आहे. चमच्याने जोरात सुरकी मारायची, तोंडात फिरवायचं, थुंकायचं, पुढची वाटी. सीझनमध्ये एका बैठकीत शेकड्याने वाट्या होतात. नवीन माणसाला पहिल्यांदा सगळं सारखंच लागतं, घाबरू नका. मी सांगेन की आधी डोळ्यांनी शिका, मगातून काढलेली ओली पत्ती तांब्याच्या भांड्यासारखी चकचकीत आहे की काळपट, चहा निवला की त्यावर दुधट साय आल्यासारखा गढूळपणा येतो का, तो आला तर चहा ताकदीचा समजायचा. एवढं आलं की ब्रिस्क (तरतरीत), बॉडी (दाटपणा), फ्लॅट (मिळमिळीत), स्ट्यूड (जास्त शिजल्यासारखा) हे शब्द आपोआप कुठल्यातरी चवीला चिकटायला लागतात.

इथवर सगळेच शिकतात. पुढची पायरी बहुतेक जण टाळतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. केनियाचं बीपी (ब्रोकन पेको) किंवा पीडी (पेको डस्ट), म्हणजे दाण्याच्या आकारावरून ठरलेल्या ग्रेड, मागवा, आसामच्या त्याच ग्रेडशेजारी ठेवा. केनियाचा रंग झटकन उतरतो, पिवळसर-लाल, एकदम उजळ, जिभेवर टोचणारा ताजेपणा असतो. आसाम जाड, माल्टी, दुधात दबत नाही. मलावीचा घ्या, सुवास फारसा नाही पण रंग इतका सुंदर की ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळे चहा मिसळून विकणारे, फक्त त्यासाठी घेतात. श्रीलंकेत उंचावरचा नुवारा एलियाचा हलका आणि सुगंधी, आणि खालच्या भागातला, मोठ्या काळ्या वळलेल्या पत्तीचा, जो इराक आणि रशियात जातो, म्हणजे आपला ऑर्थोडॉक्स (सीटीसीसारखा न चिरडता पान वळून केलेला चहा) जिथे जातो तिथेच. लंडन-हॅम्बर्गच्या ब्लेंडरकडे हे सगळे डबे शेजारी शेजारी असतात, ब्रिटनमधल्या साध्या ब्रेकफास्ट चहात आसाम आणि केनिया एकत्रच नांदतात. एक महाग झाला की तो दुसऱ्याचं प्रमाण वाढवतो, पिणाऱ्याला कळतही नाही. तुम्ही आसाम विकायला बसलाय आणि तुमच्या मालाऐवजी तो काय घालू शकतो हेच माहीत नाही, मग भाव कशावर बोलणार?

म्हणून सेल रिपोर्ट वाचायची सवय लावा, कोलकाता, गुवाहाटी, सिलिगुडी, कोची, कुन्नूर एवढेच नाही, केनियातलं मोंबासा आणि श्रीलंकेतलं कोलंबोसुद्धा. कोलकात्यात चहाचा लिलाव 1861 पासून चालतोय, कोलंबोत 1883 पासून. मोंबासाचा तर डॉलरमध्ये होतो आणि तिथे केनियाबरोबर युगांडा, रवांडा, बुरुंडी, टांझानिया, मलावी असा दहा-एक देशांचा माल एकाच कॅटलॉगमध्ये येतो. आठवड्याच्या सेलला नंबर असतो, लाईनमधली माणसं तारखेऐवजी "सेल 24 ला काय झालं" असंच बोलतात. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघत मोठी झाले, त्यामुळे ढीग, नमुना, बोली हे सगळं ओळखीचं होतं, फरक इतकाच की इथे आता सगळं स्क्रीनवर चालतं आणि लॉटचा नमुना तुम्ही आधीच चाखून त्याच्यापुढे तुमचा आकडा लिहून ठेवलेला असतो.

एका देशातली गडबड दुसऱ्याच्या खिशात कशी जाते याची दोन उदाहरणं सांगते. 2021 मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली, काही महिन्यांत मागेही घेतली, पण झाडाला खत चुकलं ते चुकलंच, त्यात देशाचं आर्थिक संकट, आणि 2022 चं उत्पादन 25 कोटी किलोपर्यंत खाली आलं, कित्येक वर्षांतलं सगळ्यात कमी. त्या वर्षी आसामच्या ऑर्थोडॉक्सला जे भाव मिळाले ते आपण काही वेगळं केलं म्हणून नव्हते. दुसरं इराणचं. इराण आपला ऑर्थोडॉक्स आवडीने घेतो, पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळे भारताने 2019 मध्ये इराणचं तेल घेणं थांबवलं. तेलाचे रुपये इथल्या बँकेत जमा व्हायचे आणि त्यातूनच चहाचे पैसे मिळायचे, ते खातं आटत गेलं तसं एक्सपोर्टरचे पैसे अडकायला लागले. तिकडे श्रीलंकेवर इराणचं तेलाचं 25 कोटी डॉलरचं देणं होतं, ते त्यांनी महिन्याला 50 लाख डॉलरचा चहा देऊन फेडायचा करार 2021 च्या डिसेंबरमध्ये केला. म्हणजे एकाच गिऱ्हाइकासाठी दोन देश आणि मधे तेल, बँक, निर्बंध. चहाच्या नोकरीत परराष्ट्र धोरणाची बातमी का वाचायची ते आता कळलं असेल.

मग हे देश एकत्र का येत नाहीत, असा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो. येतात की, पूर्वीपासून येतात. जागतिक मंदीत भाव कोसळले तेव्हा 1933 मध्ये भारत, सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, आणि डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, यांनी निर्यातीचा कोटा ठरवून घेतला होता, आणि त्यासाठी लंडनमध्ये नेमलेली इंटरनॅशनल टी कमिटी आजही जगाचे चहाचे आकडे गोळा करते. पण तेव्हा मळे बहुतेक मोजक्या कंपन्यांच्या हातात होते. आज भारतातला निम्म्याहून जास्त चहा छोट्या उत्पादकांचा आहे, केनियात सहा लाखांहून जास्त छोटे शेतकरी आहेत, त्यांना या वर्षी कमी तोडा असं कोण सांगणार आणि त्यांची चूल कशावर पेटणार? केनियाने 2021 मध्ये आपल्या छोट्या शेतकऱ्यांच्या चहाला किलोमागे 2.43 डॉलर किमान भाव ठरवला, हेतू अगदी योग्य होता, पण त्याखाली विकता येईना आणि गोदामात न विकलेला माल साठत गेला. 2013 मध्ये कोलंबोत भारत, श्रीलंका, केनिया, इंडोनेशिया, मलावी, रवांडा यांनी मिळून इंटरनॅशनल टी प्रोड्यूसर्स फोरम सुरू केला, भाव सावरण्याची चर्चा तिथेही होते. मला स्वतःला वाटतं की भाव बांधण्यापेक्षा नियमांच्या बाबतीत एकत्र येणं जास्त कामाचं आहे, आणि ते काम संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा चहाचा जो आंतरसरकारी गट आहे तिथे शांतपणे चालू असतं. 21 मेचा आंतरराष्ट्रीय चहा दिवस हा भारताने 2015 मध्ये त्याच गटात मांडलेला प्रस्ताव.

नियम म्हणजे काय ते एका उदाहरणावरून बघा, कारण एक्सपोर्टमध्ये तुमचा अर्धा दिवस यातच जाणार आहे. युरोपात चहात उरलेल्या ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागते. प्रत्येक देशाची यादी वेगळी, जपानची वेगळी, आपल्या एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, वेगळी. त्यात अँथ्राक्विनोन नावाचं एक प्रकरण आहे, चहासाठी मर्यादा किलोमागे 0.02 मिलिग्रॅम, आणि हे कोणी फवारलेलंच नसतं! ड्रायर लाकडावर किंवा कोळशावर चालतो, त्याच्या हीटरच्या नळीला कुठे बारीक चीर गेली की धूर गरम हवेत मिसळतो आणि पत्तीत उतरतो. रिपोर्ट हातात आल्यावर शेतकऱ्याला दोष देणारे लोक मी पाहिलेत, आणि खरा दोष भट्टीमागे दोन बोटांच्या चिरेत सापडतो. म्हणूनच वर म्हटलं आधी फॅक्टरी. असे प्रश्न भारत-श्रीलंका-केनिया सगळ्यांना सारखेच आहेत, आणि सगळ्यांनी मिळून डेटा मांडला तर मर्यादा शहाणपणाने ठरू शकतात, एकेकट्याचं कोणी ऐकत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या परदेश व्यापार खात्याचा, आयईसी (आयात-निर्यात) नंबर, टी बोर्डाचं एक्सपोर्टर लायसन्स, एचएस कोड 0902, म्हणजे चहाचा आंतरराष्ट्रीय वर्गवारी क्रमांक, मग फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला), लॅब रिपोर्ट. ही कामं करणारा ज्युनिअर प्रत्येक ऑफिसला हवा असतो आणि मराठी मुलांसाठी आत शिरायचा हाच सगळ्यात सोपा दरवाजा आहे, कारण जागा मिळाल्यावर टेस्टिंग रूम त्याच मजल्यावर असते. डॉक्युमेंटेशनला लागा, सकाळी लवकर येऊन वाट्या लावायला मदत करा, कोणी नाही म्हणत नाही. बंगाली कामापुरती तरी शिका, हिंदीवर सगळं भागत नाही. मळ्यावर असिस्टंट मॅनेजर व्हायचं असेल तर तो रस्ता वेगळा, तिथे मजुरांची वस्ती, दवाखाना, रेशन, पगारवाटप सगळं अंगावर येतं, शांत आयुष्य म्हणून तिकडे जाऊ नका, माणसांत रमत असाल तर जरूर जा.

बायोडेटा पाठवायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत पाठवा, तेव्हा उत्तरेतले मळे बंद असतात, ऑफिसात लोकांना वाचायला वेळ असतो. मार्चमध्ये फर्स्ट फ्लश, म्हणजे सीझनची पहिली तोडणी, सुरू झाला की मग पार नोव्हेंबरपर्यंत तुमच्या मेलकडे कोणी बघणार नाही. आणि मुलाखतीला जाताना त्या आठवड्याचा मोंबासाचा भाव बघून जा.