एपिड्युरल दिल्यावर लेबर रूममध्ये होणाऱ्या या चुका टाळा

एपिड्युरल म्हणजे पाठीच्या मणक्याजवळ बारीक नळी घालून दिलेली भूल. तिच्यामुळे कळांचं दुखणं थांबतं, पण त्याबरोबर शरीराच्या सूचनाही थांबतात. लघवी तुंबलीय, टाच चेपली गेलीय, गरम पिशवी पोळतेय, यातलं काहीही बाळंत होणाऱ्या बाईला नीट जाणवत नाही. एरवी ती स्वतःच कळवळून सांगते. आता ते सिस्टरनेच विचारून, हात लावून, मोजून ओळखायचं असतं. इंदुरातही ‘पेनलेस डिलिव्हरी’ मागणारी कुटुंबं भेटतात. त्या नावामुळेच घोटाळा होतो: दुखणं थांबलं म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटतं. वास्तविक नर्सिंगचं काम तिथून वाढतं.

औषध गेलं, आता पुढचा पलंग

पहिला डोस गेल्यानंतरची वीस मिनिटं सर्वांत जोखमीची. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर होतात, वाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतं. बाई उताणी झोपली असेल तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून ते आणखी घसरतं आणि बाळाचे ठोके मंदावतात. म्हणून पहिली पंधरा मिनिटं दर पाच मिनिटांनी बीपी घ्या. प्रत्येक टॉप-अपनंतर, म्हणजे नळीतून दिलेल्या पुढच्या डोसनंतर, हाच क्रम पुन्हा. सुरुवातीचा किमान अर्धा तास बाळाचे ठोके मशीनवर सतत दिसत राहू द्या.

तिला मळमळायला लागलं की उलटीचं इंजेक्शन भरायला धावणं ही इथली ठरलेली चूक. आधी बीपी बघा. मळमळ, जांभया, डोळ्यांपुढे अंधारी ही बहुतेक वेळा बीपी पडल्याचीच खूण असते. डाव्या कुशीवर वळवा, सलाईन वाढवा, भूलतज्ज्ञांना बोलवा आणि ते येईपर्यंत पलंगापासून हलू नका.

‘सब ठीक है ना?’

या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हां सिस्टर’ असंच येतं. रामबागेतली किंवा सुदामानगरातली मराठी सून असो की माळव्यातल्या खेड्यातून आलेली बाई, सिस्टरला नाही म्हणायला ती संकोचते. म्हणून विचारण्यापेक्षा करून घ्या. ‘ताई, गुडघा सरळ ठेवून टाच गादीवरून उचला बरं.’ मग दुसरा पाय. बर्फाचा खडा मांडीपासून वर नेत कुठे गार लागतं ते बघा, दोन्ही बाजूंना, दर तासाला, आणि लिहून ठेवा. बधिरपणा बेंबीपर्यंत आला तर कळांसाठी सहसा पुरतो. तो छातीपर्यंत चढला, बोटांना मुंग्या आल्या किंवा श्वास अपुरा वाटू लागला, तर नळीतून औषध सोडणारा पंप थांबवून भूलतज्ज्ञांना लगेच हाक मारा. कानात आवाज, तोंडाला धातूची चव, ओठांना मुंग्या ही औषध थेट रक्तात गेल्याची लक्षणं असतात. तिथेही पंप आधी बंद.

अर्ध्या तासानंतरही दुखत असेल किंवा एकाच बाजूला दुखत असेल, तर ‘थोडं सहन करावंच लागतं’ म्हणून तिला गप्प बसवू नका. एपिड्युरलची नळी सरकलेली असू शकते, भूलतज्ज्ञ ती थोडी मागे ओढून दुरुस्त करतात. आधीचं सिझेरियन असलेल्या बाईला एपिड्युरल चालू असताना अचानक जोरात दुखू लागलं, तर गर्भाशयावरची जुनी शिवण उसवली का, याचा आधी विचार करा.

लघवीचा विसर

ही चूक दिसत नाही म्हणून जास्त होते. सलाईन चालू असतं, मूत्राशय भरत जातं आणि बाईला जाणीवच नसते. भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली उतरू देत नाही. कळा चांगल्या असून प्रगती का नाही, याचं कारण कधीकधी एवढंच निघतं. बाळंतपणानंतर तेच मूत्राशय गर्भाशयाला आकसू देत नाही आणि रक्तस्राव वाढतो. तेव्हा दर दोन तासांनी ओटीपोट चाचपून बघा, बेडपॅन द्या, नाही जमलं तर लघवीची नळी घालून मोकळं करा. नळी काढल्यावर पहिली लघवी कधी झाली आणि किती झाली, हे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला सांगूनच घरी जा.

शेक-शेगडीची घाई

मराठी घरात बाळंतिणीला शेक हवाच. डिसेंबरच्या थंडीत तर आजी गरम पाण्याची पिशवी घेऊनच दवाखान्यात येतात. त्यांची माया खरी आहे, त्यांना झिडकारू नका. पण बधिर कातडीवर भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं. सरळ सांगा: ‘आजी, ताईंचे पाय अजून सुन्न आहेत, चटका बसला तरी त्यांना कळणार नाही. पाय नीट जागे झाले की मग शेका.’ पलंगाशी चोवीस तास सिस्टर नसते, आजी असतात. त्यांना कारण समजलं की त्याच राखण करतात. टाचा आणि माकडहाड यांवर दाब पडू नये म्हणून कूस बदलायचं कामही त्यांना शिकवता येतं.

पहिल्यांदा उभं करताना आधी पायातली ताकद तपासा, बसवून बीपी घ्या, दोघींनी धरा. शेवटच्या डोसनंतर चार तासांनीही सरळ पाय उचलता येत नसेल, तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. मणक्यात रक्त साचून मज्जारज्जू दाबला जाणं दुर्मीळ आहे, पण तिथे काही तासांचा उशीर पाय कायमचे घालवू शकतो. भूलतज्ज्ञांना रात्री उठवा.

अँप्यूल न वाचता भरणं

रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि भुलीचं ब्युपिव्हकेन यांच्या अँप्यूल (औषधाच्या काचेच्या कुप्या) सारख्या दिसू शकतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चुकून मणक्यात गेल्याने मृत्यू झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये त्याबद्दल इशारा दिला. दोन्ही वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, एपिड्युरलच्या नळीला ठळक लेबल लावा. रक्त पातळ करणारं हेपॅरिन चालू असेल तर भूलतज्ज्ञांनी वेळ दिल्याशिवाय नळी काढू नका. नळी निघाल्यावर तिचं टोक शाबूत आहे का ते बघून नोंद करा.

डोकेदुखी म्हणजे वारा लागला?

घरी गेल्यावर डोकं दुखू लागलं की कान बांधून बाळंतिणीला झोपवतात. पण उठून बसताच डोकं फुटायला लागणं आणि आडवं होताच थांबणं, ही सुई मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला लागून आतलं पाणी झिरपत असल्याची खूण. साधारण शंभरात एकीला असं होतं. त्यावर उपाय आहे; जास्तच त्रास असेल तर तिचंच रक्त मणक्याजवळ सोडून ते छिद्र बुजवतात. ताप, मान आखडणं, झटके किंवा आडवं होऊनही न थांबणारं दुखणं असेल तर कारण वेगळं असू शकतं, तिला त्याच दिवशी दाखवायला हवं. सुट्टीच्या कागदावर हे हिंदीत किंवा मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा, खाली दवाखान्याचा फोन नंबर घाला आणि तो कागद तिच्यासमोर तिच्या सासूबाईंना वाचून दाखवा.